‘उणे पाच’ची बॅग, तरी थंडी का वाजली?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही मैत्रिणी हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला होतो. माझ्या स्लीपिंग बॅगेवर ‘उणे ५ अंश’ असे ठळक छापलेले आहे. गडावर पहाटे आठ-नऊ अंशांच्या खाली पारा गेला नसावा, तरी मी रात्रभर कुडकुडत होते. शेजारी मैत्रीण मात्र तिच्या पातळशा बॅगेत गाढ झोपलेली. आता नवी, वजनाला हलकी बॅग घ्यावी म्हणून चौकशी केली, तर एका ट्रेकर मित्राने ‘क्विल्ट घे’ असे सुचवले. तिला म्हणे खालची बाजूच नसते! खालून उघडे पांघरूण घेऊन डोंगरावर कोणी झोपते का? आणि मग मी नेमके घ्यावे तरी काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रात दोन कोडी आहेत. उणे पाचला चालणारी बॅग अधिक आठला का पुरली नाही, हे पहिले. अर्धे पांघरूण पूर्ण पांघरुणाचे काम कसे करते, हे दुसरे. दोन्ही वेगवेगळी वाटतात, पण सुटतात एकाच जागी : तुमच्या पाठीखालच्या जमिनीपाशी. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊ.

बॅग स्वतः ऊब देत नाही, ऊब तुमच्या शरीराची असते. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे पूर्वी घरोघरी असलेल्या पिवळ्या बल्बइतकी. ती निसटू न देणे एवढेच बॅगेचे काम. हे काम पिसांमध्ये किंवा तंतूंमध्ये अडकून राहिलेली हवा करते. हवेतून उष्णता फार सावकाश जाते, मात्र ती हवा जागच्या जागी थांबलेली हवी. म्हणून पांघरूण किती उबदार हे ते किती फुगते यावर ठरते. आपल्याकडे गोधडी जड म्हणून उबदार असा समज आहे. खरे तर तिच्यात जुन्या लुगड्यांचे जे थर एकावर एक टाकलेले असतात, त्यांच्यामध्ये धरली गेलेली हवा आपल्याला गरम ठेवते. कापडाचे वजन हा त्या हवेसाठी उचललेला भार. हलक्या बॅगेची सगळी करामत हा भार कमी करण्यात आहे.

आता तुमच्या अंगाखाली काय घडते ते पाहा. बॅगेत शिरून तुम्ही आडव्या झालात की वरचा थर फुललेला राहतो आणि खालचा तुमच्याच वजनाने चेपतो. दोन-तीन बोटे जाड असलेले भरण पाठीखाली आणि कमरेखाली जवळजवळ कापडाइतके सपाट होते. त्यातली हवा गेली, म्हणजे ऊबही गेली. खाली गुहेतला कातळ असो की तंबूखालची माती, ती अंगाला चिकटून उष्णता ओढून घेत राहते. हे रोखायचे काम मॅटचे आहे, आणि तुमच्या पत्रात मॅटचा उल्लेखच नाही. माझा अंदाज असा की, पातळ कॅरीमॅट किंवा नुसती सतरंजी अंथरून तुम्ही झोपला असाल आणि मैत्रिणीखाली तुमच्यापेक्षा बरी मॅट असेल. रात्री पाठ, कंबर आणि नितंब गार पडत होते की छाती आणि खांदे, हे आठवून पाहा. पाठ गार पडत असेल तर दोष जमिनीचा, आणि त्यावर जाड बॅग हा उपाय नाही.

मॅट किती थंडी अडवते हे ‘आर-व्हॅल्यू’ नावाच्या आकड्याने सांगतात. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढायची. २०१८ मध्ये अमेरिकेत त्याची एक समान चाचणी ठरली, तेव्हापासून दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येऊ लागली. फोमची घडीची चांगली मॅट साधारण २ च्या आसपास भरते, बाजारातली पातळ गुंडाळी त्याहून बरीच कमी. आत भरण असलेल्या फुगवायच्या मॅट ३ ते ५ पर्यंत जातात. पण नुसती हवा भरायची जाड गादी पाहून फसू नका. तिच्या आतली हवा मोकळी फिरते आणि अंगाची ऊब जमिनीकडे वाहून नेते, त्यामुळे चार बोटे जाडी असूनही ती गारच लागते. सह्याद्रीच्या हिवाळ्याला २ पुरते, बर्फावर झोपायचे तर ४ किंवा अधिक हवे. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांचे आकडे सरळ बेरजेत मिळतात, ही यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट.

आता त्या ठळक ‘उणे ५’कडे येऊ. युरोपात २००२ साली स्लीपिंग बॅगांसाठी ‘ईएन १३५३७’ हे मानक आले. पुढे त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’ने घेतली. प्रयोगशाळेत आतून तापवलेला, संवेदक बसवलेला पुतळा बॅगेत ठेवतात आणि त्याच्यापासून किती उष्णता निसटते ते मोजतात. त्यावरून तीन आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानात प्रमाण मानलेली स्त्री (वय २५, उंची १.६० मीटर, वजन ६० किलो) सैल अंगाने, आरामात झोपू शकेल. ‘लिमिट’ म्हणजे ज्यात प्रमाण मानलेला पुरुष (१.७३ मीटर, ७३ किलो) अंगाचे मुटकुळे करून का होईना, रात्र काढेल. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे ज्या तापमानात ती स्त्री सहा तास जिवंत राहील. झोप लागण्याची हमी त्यात नाही, इतकेच काय, हिमदंश होणार नाही याचीही नाही.

दुकानदाराला आणि वेष्टणाला यातला सगळ्यात खालचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवायला आवडतो. ज्या बॅगेचा ‘एक्स्ट्रीम’ उणे ५ असतो, तिचा ‘कम्फर्ट’ बहुधा अधिक १० च्या आसपास असतो. तुमच्या बॅगेवरचा आकडा तोच असेल, तर आठ अंशांत तुम्हाला थंडी वाजणे अगदी अपेक्षित होते. शिवणीतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत उरलेले दोन आकडे आहेत का, हे भिंग घेऊन तपासा. तिन्ही आकडे आणि मानकाचे नाव कुठेच नसेल, तर छापलेला आकडा कशाच्या आधारावर आला हे कळायला मार्ग नाही, तो सोडून द्यावा.

चाचणीतल्या पुतळ्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे आणि पायांत मोजे असतात आणि त्याच्याखाली चांगली जाड मॅट असते. म्हणजे ‘कम्फर्ट’चा आकडासुद्धा मॅट धरून आहे, एकट्या बॅगेचा नाही. शिवाय माणसामाणसांत फरक असतो. बारीक अंगाच्या, उपाशीपोटी किंवा फार दमून झोपलेल्या व्यक्तीला लवकर थंडी वाजते. स्त्रियांनी आपला आकडा ‘कम्फर्ट’ हाच धरावा. पुरुषांनीही तोच धरला तर त्यांचे काही बिघडत नाही.

पुढचा प्रश्न, रात्र किती थंड असणार? इथे उंचीवर भिस्त ठेवली की फसगत होते. हजार मीटर चढलो की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे खरे. पण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून घरंगळत सखल जागी साचते. म्हणूनच गोदावरीच्या सपाटीवरचे निफाड राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकते, आणि महाबळेश्वरात गावातला तापमापक शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. मुक्कामासाठी नदीकाठ किंवा तलावाकाठ दिसायला देखणा असतो, पण तिथून थोडे वर, उताराच्या बाकावर तंबू लावला तर रात्र काही अंशांनी सुसह्य होते. उलट कोकणकड्यासारख्या उघड्या कडेला वाऱ्याशी गाठ असते. त्यामुळे जवळच्या शहराचा अंदाज पाहून बॅग निवडू नका. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर ५ अंशांची तयारी ठेवावी.

आता क्विल्ट. मघाचा चेपलेला थर आठवा. तो ऊब देत नसेल तर तो पाठीवर वाहून न्यायचाच कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्यांत रे जार्डिन हे अमेरिकन गिर्यारोहक ठळक होते. कातळारोहकांना ‘फ्रेंड्स’ हे खाचेत बसणारे उपकरण दिले तेही त्यांनीच. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२७० किलोमीटर चालत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जेनी यांनी पुन्हा पुन्हा केली. इतक्या लांबच्या वाटेवर ग्रॅम ग्रॅम वजन जाणवते. बॅगेऐवजी घरी शिवलेली क्विल्ट वापरण्याची कल्पना १९९०च्या दशकात त्यांच्या लिखाणातून हजारो पदयात्रींपर्यंत पोहोचली.

क्विल्ट म्हणजे पाठीकडून उघडी असलेली दुलई. पायांकडचा साधारण एक-तृतीयांश भाग पिशवीसारखा बंद, वरचा भाग मोकळा. खालचा थर नाही, लांब चेन नाही, टोपी नाही, आणि या तिन्हींचे वजन नाही. कडांना असलेले पट्टे मॅटखालून बांधले की पांघरूण मॅटला धरून राहते आणि तुम्ही दोघांच्या मध्ये झोपता. तेव्हा तुमच्या शंकेचे उत्तर असे : क्विल्ट खालून उघडी नसते, तिची खालची बाजू म्हणजे मॅट. याचाच अर्थ, मॅट हलकी पाहून पातळ घेतली तर क्विल्ट तुम्हाला वाचवू शकत नाही.

तिच्या उणिवाही स्पष्ट आहेत. कूस बदलताना कड उचलली जाते आणि गार हवेचा झोत पाठीत शिरतो. तुम्ही झोपेत फार वळवळत असाल, तर रुंद क्विल्ट घ्या किंवा सरळ बॅगच घ्या. पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपणाऱ्यांना मात्र क्विल्टमध्ये बॅगेपेक्षा सुटसुटीत वाटते, कारण गुडघे मोकळे राहतात. डोके उघडे राहते म्हणून लोकरीची टोपी हवीच. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे आपण लहानपणापासून ऐकतो, ते खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा फार तर दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. पण बाकी सगळे अंग झाकलेले असेल तर उघडी राहिलेली ती एकच जागा जाणवते. शून्याच्या बरेच खाली, वाऱ्यात झोपायचे असेल तर गळ्याशी आवळता येणारी आणि टोपी असलेली बॅग मी निःसंकोचपणे श्रेष्ठ मानतो. सह्याद्रीत तशी वेळ येत नाही.

भरण कोणते असावे, यावर ट्रेकरमंडळींत बराच खल चालतो. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरच्या बाहेरच्या पिसांखाली जो मऊ कापूस असतो, त्याला ‘डाऊन’ म्हणतात. त्याचा एक पुंजका तळहातावर घेऊन पाहा. त्याला मधली काडी नसते. एका बिंदूपासून चहूबाजूंना केसांहून बारीक तंतू फुटलेले असतात आणि तुमच्या श्वासानेही तो हलतो. मुठीत दाबून सोडला की पुन्हा फुलतो. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन किती घनइंच जागा व्यापते, तो त्याचा ‘फिल पॉवर’. ८०० चे डाऊन असेल तर २८ ग्रॅममध्ये १३ लिटर, ६०० चे असेल तर १० लिटरला थोडे कमी. म्हणून २४० ग्रॅम ८०० चे डाऊन आणि ३२० ग्रॅम ६०० चे डाऊन सारखेच फुगतात. ऊब तीच, फरक ८० ग्रॅमचा. या ८० ग्रॅमसाठी किती पैसे मोजायचे हे आपल्या खिशाला विचारावे. इथे एक गैरसमज हमखास आढळतो : ८०० लिहिलेली बॅग ६५० च्या बॅगेहून उबदारच असणार. तसे नाही. आत किती ग्रॅम भरले आहे हे कळल्याशिवाय नुसता फिल पॉवर काहीच सांगत नाही.

डाऊनचा शत्रू पाणी. भिजले की तंतू एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि फुगीरपणा संपतो. पावसाळी ट्रेकला ते नेऊच नये. त्या दिवसांत सह्याद्रीतल्या रात्री तशा फार गार नसतात, पण सगळे ओले असते. तिथे पॉलिएस्टरच्या तंतूंची पातळ बॅग किंवा फ्लीसचे पांघरूण बरे. कृत्रिम भरण ओले झाले तरी थोडीफार ऊब धरते, लवकर वाळते आणि स्वस्त पडते. मात्र तेवढ्याच उबेसाठी ते जड असते, सॅकमध्ये जागा जास्त खाते आणि वारंवार दाबून भरल्याने काही वर्षांत चपटे होते. हिवाळ्यातही एक पथ्य पाळा. बॅगेत तोंड खुपसून झोपू नका. श्वासातली वाफ आत जिरते आणि पहाटेपर्यंत भरण ओलसर होते. तंबूचा झरोका थोडा उघडा ठेवा, आणि उघड्यावर झोपलात तर बॅगेवर पडणारे दव लक्षात घ्या.

कमी कपडे घालून झोपले की बॅग जास्त तापते, असेही कोणीतरी सांगितलेले असते. कपडे घामाने ओले असतील तर बदलायलाच हवेत. पण कोरडा थर अंगात असला तर तो अडकलेली हवा वाढवतोच. फक्त जाड जाकीट घालून अरुंद बॅगेत कोंबून घेतले, तर बॅगेचे भरण आतून चेपते आणि फायदा राहत नाही. अशा वेळी जाकीट वरून पसरावे. आत घालायच्या रेशमी किंवा सुती अस्तराने दोन-तीन अंशांचा आधार मिळतो, आठ-दहा अंशांचे दावे फुगवलेले असतात. अस्तराचा मोठा फायदा म्हणजे अंगाचा घाम आणि तेल भरणापर्यंत पोहोचत नाही.

आता तुम्ही काय घ्यावे? पहिला खर्च मॅटवर करा. आर-व्हॅल्यू २ किंवा थोडी अधिक असलेली मॅट घ्या. त्यानंतर ‘कम्फर्ट’ ५ अंशांच्या आसपास असलेली बॅग किंवा क्विल्ट पाहा. पिसांची बॅग साधारण ७०० ते ९०० ग्रॅम, तेवढ्याच उबेची क्विल्ट ५०० ते ६५० ग्रॅम, तर कृत्रिम भरणाची बॅग सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते. शांत झोपत असाल आणि ट्रेक वारंवार होत असतील तर क्विल्ट घ्या, नाहीतर बॅग. दुकानात ती घडीतून काढून निदान अर्धा तास फुलू द्या, मग उजेडासमोर धरा. कप्प्यांमध्ये भरण कुठे विरळ आहे ते तिथेच दिसते. आत शिरून पाय ताणा. तळवे टोकाला दाबले जात असतील तर तिथे रात्री गार पडेल. फार ऐसपैस बॅगही नको, मोकळी जागा तापवायला तुमचीच ऊब खर्ची पडते.

पुढेमागे केदारकंठासारखा हिवाळी हिमालयीन ट्रेक करायचा बेत असेल, तर त्या एका आठवड्यासाठी उणे दहाची बॅग विकत घेऊन ती वर्षभर सह्याद्रीत वागवू नका. तिथे बहुतेक आयोजक बॅगा पुरवतात किंवा भाड्याने मिळतात. आपले अस्तर तेवढे सोबत न्यावे.

आणि हे सगळे करण्याआधी जुनी बॅग टाकून देऊ नका. तिची चेन पायांपर्यंत उघडत असेल, तर ती उघडून पायांकडचा भाग बंद ठेवा आणि चांगल्या मॅटवर दुलईसारखी पांघरून जानेवारीत एक रात्र गच्चीवर झोपून बघा. क्विल्ट तुम्हाला मानवते की नाही हे पैसे न घालवता कळेल, आणि गेल्या डिसेंबरातली थंडी बॅगेची होती की मॅटची, हेही. नवी काही घेतलीत तर ती छोट्या थैलीत दाबून ठेवायची ती फक्त प्रवासापुरती. घरी आल्यावर सुती चादरीच्या सैल गाठोड्यात कपाटावर ठेवा, पावसाळा सरला की एक दिवस सावलीत वाऱ्यावर पसरा. धुण्याची वेळ क्वचितच यावी. आली तर डाऊनसाठी मिळणारा सौम्य साबण वापरा, आणि आतला शेवटचा गोळा फुटून मोकळा होईपर्यंत वाळवा, मग त्याला दोन-तीन दिवस का लागेनात.